छाटलेल्या कोपऱ्यांचे शहर

सायकलवरून अरुंद गल्लीतून जाताना चौक जवळ आला की आपला हात आपोआप घंटीकडे जातो. कोपऱ्यावरच्या घराआडून आडव्या रस्त्याने कोण येत आहे हे दिसत नाही ना! पण ते घरच कोपऱ्यावर तिरपे छाटलेले असते तर?

स्पेनमधील बार्सिलोना शहरात हे खरोखरच केलेले आहे. एकोणिसाव्या शतकात हे शहर तटबंदीच्या आत इतके दाटले होते, की घरांत ना पुरेसा उजेड, ना वारा. १८५४ साली कॉलऱ्याने तेथे हजारो माणसे दगावली. त्याच वर्षी तट पाडण्यास प्रारंभ झाला. बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवे शहर वसवण्यासाठी इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आराखडा तयार केला. नगरपालिकेने स्पर्धा घेऊन दुसऱ्याच आराखड्याला पसंती दिली होती. पण माद्रिदच्या सरकारने सेर्दाचाच कायम केला.

सेर्दाने सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस गट पाडले, त्यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी २० मीटर रुंदीचे रस्ते ठेवले आणि प्रत्येक गटाचे चारही कोपरे ४५ अंशांत छाटले. छाटलेली कडही सुमारे २० मीटर लांब.

आता कागद-पेन्सिल घ्या. छाटलेला तुकडा हा समद्विभुज काटकोन त्रिकोण असून त्याचा कर्ण २० मीटर आहे. समान बाजू 'क' मानल्यास पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार २क² = ४००, म्हणून क² = २००. त्रिकोणाचे क्षेत्रफळ क²/२, म्हणजे १०० चौ. मी. चौकात असे चार कोपरे येतात. म्हणजे ४०० चौ. मी. जागा मोकळी झाली. दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तो चौरसही २० × २० = ४०० चौ. मी.च आहे! मूळ चौकाएवढीच जागा आणखी मिळाली आणि चौक अष्टकोनी झाला. नजर दूरवर पोचू लागली. पुढे रस्त्यांवरून वाफेची वाहने धावतील व त्यांना वळायला ऐसपैस जागा लागेल, असेही सेर्दाने गृहीत धरले होते. तेव्हा मोटारीचा अजून जन्मही व्हायचा होता.

यासाठी प्रत्येक गटाने सुमारे १२,८०० चौ. मी.पैकी ४०० सोडले, शंभरात जेमतेम तीन. गटाच्या दोनच बाजूंना घरे आणि मध्ये बाग, ही सेर्दाची दुसरी योजना मात्र टिकली नाही. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या, मजले चढवले, बहुतेक बागा गिळल्या. कोपरे तेवढे वाचले, तेही पुढे मोटारी उभ्या करण्याच्या कामी आले. २०१८ साली सांत आंतोनी मंडईजवळच्या एका अष्टकोनी चौकातून मोटारींची वर्दळ हटवून तेथे बाके व झाडे ठेवण्यात आली.

रस्ता १२ मीटरचा आणि छाटलेली कडही १२ मीटरची घेऊन हाच हिशोब करा. वाढलेली जागा पुन्हा मूळ चौकाएवढीच येते का? मग आपल्या शाळेजवळचा एखादा चौक पावलांनी मोजून या.