बारावीत विषय सोडावा का? पाच फाशांचं गणित

ऑक्टोबर महिना. सिडनीत शाळेचं चौथं सत्र सुरू होतं आणि अकरावीची मुलं बारावीच्या वर्गात जाऊन बसतात. त्यानंतर दोनेक आठवड्यांत अनेक मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एक वाक्य येतं, "मला फिजिक्स सोडायचंय." (फिजिक्सच्या जागी केमिस्ट्री किंवा इकॉनॉमिक्स घातलं तरी चालेल.) आईबाबांचा घास हातातच राहतो. वर्षभर शिकलेला विषय आता सोडायचा? आणि तोही सायन्सचा?

तुमच्या घरी हे वाक्य आलं असेल, किंवा येणार अशी चिन्हं असतील, तर निर्णय घेण्यापूर्वी थोडं गणित करून पाहू. गणित सोपं आहे. त्याला ल्युडोचे पाच फासे पुरतात.

आधी नियम

न्यू साउथ वेल्सच्या परीक्षेचं नावही एचएससीच आहे. त्यामुळे आपल्याला आपली बारावी आठवते आणि तिथेच घोटाळा होतो. इथे विषय 'युनिट'मध्ये मोजतात. बहुतेक विषय 2 युनिटचे असतात. अकरावीत किमान 12 युनिट घ्यावी लागतात, बारावीत मात्र किमान 10 पुरतात. म्हणजे 12 युनिट घेतलेल्या मुलाला एक विषय सोडण्याची मुभा नियमातच आहे.

विद्यापीठ प्रवेशासाठी जो एटार लागतो, तो 10 युनिटांवरून काढतात. त्यात इंग्रजीची 2 युनिट धरलीच जातात आणि बाकीच्यांतली सर्वांत चांगली 8 घेतात. अकरावीचे गुण त्यात येत नाहीत. शिवाय एटार म्हणजे टक्केवारी नव्हे, तो क्रम आहे. 80 एटार म्हणजे 80 टक्के गुण नव्हेत. आपल्या वयोगटात साधारण वरच्या 20 टक्क्यांत जागा, असा त्याचा अर्थ.

आता समजा, मुलीकडे इंग्रजी आणि आणखी पाच विषय आहेत. इंग्रजी धरलं जाणारच. उरलेल्या पाचांपैकी उत्तम चार मोजले जातील आणि सर्वांत कमी गुणांचा विषय आपोआप गळून पडेल. म्हणजे पाचवा विषय हा एक विमा आहे. एखादा पेपर बिघडला, त्या दिवशी ताप आला, तर तो विषय बाजूला पडतो आणि पाचवा त्याची जागा घेतो. प्रश्न इतकाच की या विम्याची किंमत काय आणि हप्ता किती?

फासे टाकून बघा

एक फासा म्हणजे एक विषय. फक्त चार फासे टाकलेत, तर दर फाशाची सरासरी येते 3.5. आता पाच फासे टाका, सर्वांत लहान आकडा काढून टाका आणि उरलेल्या चारांची सरासरी काढा. असं पुष्कळ वेळा केलंत, तर सरासरी 3.98 च्या आसपास येईल. म्हणजे पाचव्या फाशाने दर विषयामागे जवळजवळ अर्धा अंक मिळवून दिला. विमा चांगला आहे!

पण इथे पाचही फासे सारखे होते. ज्या विषयाबद्दल घरात वाद चालू आहे, तो सहसा बाकीच्यांच्या बरोबरीचा नसतो. म्हणून पाचवा फासा कमजोर करू. त्यावर जो आकडा येईल, त्यातून 3 वजा करा. पुन्हा तोच खेळ खेळा. आता चारांची सरासरी येते फक्त 3.58. अर्ध्या अंकाचा फायदा घसरून शंभरातल्या आठ भागांवर आला, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा उरला. कारण उघड आहे. कमजोर फासाच बहुतेक वेळा सर्वांत लहान ठरतो आणि तोच गळतो. विमा काढलेला असतो, पण तो कामाला येण्याची वेळ क्वचितच येते.

हेच गुणांच्या भाषेत मांडू. फाशावरचा एक अंक म्हणजे 3 गुण धरा. पाचवा विषय इतरांच्या तोडीचा असेल, तर तो ठेवल्याने दर विषयामागे सरासरी सुमारे दीड गुणाचा फायदा होतो. तो 9 गुणांनी मागे असेल, तर फायदा पाव गुणाएवढाही नाही. खऱ्या परीक्षेत हा फायदा आणखी थोडा कमी होतो, कारण फासे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, विषय तसे नसतात. ज्याचं गणित कच्चं पडतं, त्याचं फिजिक्सही बऱ्याचदा अडखळतं.

आणि हप्ता?

हप्ता वेळेचा असतो. समजा, शाळेबाहेर आठवड्याला 18 तास अभ्यास होतो आणि विषय सहा. प्रत्येकाला 3 तास मिळतात. एक विषय सोडला, तर उरलेल्या पाचांना प्रत्येकी 3 तास 36 मिनिटं मिळतात. शाळेतले मोकळे झालेले तास वेगळेच. या 36 मिनिटांनी दर विषयात दीड गुण वाढेल का? वाढणार असेल, तर तोडीचा विषयसुद्धा सोडणं परवडतं. ती 36 मिनिटं फोनवर जाणार असतील, तर कमजोर विषयही ठेवलेला बरा. इथे उत्तर सूत्रात नाही, मुलाच्या सवयीत आहे आणि ते त्यालाच सर्वांत चांगलं माहीत असतं.

"फिजिक्स स्केल होतं ना?"

हा आपल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न. स्केलिंग म्हणजे अवघड विषयाला मिळणारं बक्षीस नव्हे. एखादा विषय घेणारी मुलं त्यांच्या इतर विषयांत किती चांगली आहेत, यावरून त्या विषयाची पातळी ठरते. फिजिक्सच्या वर्गात इतर विषयांतही हुशार असलेली मुलं जास्त, म्हणून त्याची सरासरी वर सरकते. पण तुमचं मूल त्या वर्गात खालच्या टोकाला असेल, तर स्केलिंगनंतरही ते खालच्या टोकालाच राहतं. म्हणून तुलना करताना नुसते गुण बघू नका. प्रत्येक विषयात शाळेतला क्रम कितवा आहे ते बघा.

"वर्षभर केलं, आता सोडायचं?"

1985 साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण 15 डॉलरला तिकीट दिलं आणि काहींना न मागता सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरणारे जास्त नाटकांना आले. गेलेले पैसे नाटक बघितल्याने परत येणार नव्हते, पण 'वाया जायला नको' ही भावना त्यांना ओढत होती. याला बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात.

अकरावीचं वर्ष हा असाच झालेला खर्च आहे. विषय सोडला किंवा ठेवला, तरी ते वर्ष परत येत नाही. आणि जे समजलं, ते विषय सोडल्याने पुसलंही जात नाही. निर्णय पुढच्या बारा महिन्यांचा आहे.

गणितात न मावणारी गोष्ट

आपल्यापैकी अनेकांनी महाराष्ट्रात बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं होतं. एक सोडलं की इंजिनिअरिंगचं किंवा मेडिकलचं दार बंद. ती भीती खरी होती. इथेही दारं आहेत, पण त्यांची कुलपं वेगवेगळी आहेत. काही अभ्यासक्रमांना एखादा विषय सक्तीचा असतो. काही ठिकाणी तो फक्त 'येत असल्याचं गृहीत' धरतात, म्हणजे प्रवेश मिळतो, पण पहिल्या वर्गापासून दमछाक होते. मुलाला खरोखर हव्या असलेल्या तीन-चार अभ्यासक्रमांची पानं उघडा आणि तो विषय कुठल्या रकान्यात आहे ते वाचा. सक्तीचा असेल, तर फाशांचं गणित बाजूला ठेवा.

दोन आठवडे द्या

आधी युनिट मोजा. 10 च असतील, तर सोडायला जागाच नाही. गणिताचं ॲडव्हान्स्ड सोडून एक्स्टेन्शन ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. विषय बदलण्याची शेवटची तारीख शाळेला विचारा.

मग दोन आठवडे त्या विषयाचा अभ्यास पद्धत बदलून करू द्या. धडा पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी वही मिटून, आठवेल ते कागदावर लिहायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातलं सुमारे 42 टक्के आठवलं, तर मध्ये एकदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. कधी कधी विषय जड नसतो, अभ्यासाची रीत चुकलेली असते. दोन आठवड्यांनी एक जुना पेपर सोडवून घ्या. फासा खरंच कमजोर आहे की तसा वाटत होता, ते बरंचसं कळेल.

आणि शेवटी निर्णय मुलालाच घेऊ द्या. पुढचे बारा महिने रोज सकाळी त्या वर्गात जाऊन बसायचं आहे ते त्याला, आपल्याला नाही. तोपर्यंत फासे मात्र दोघांनी मिळून टाका. त्या निमित्ताने जेवणाच्या टेबलावर वादाऐवजी खेळ होईल, आणि "मला सोडायचंय" या वाक्यामागे कंटाळा आहे, भीती आहे की नीट केलेला विचार, हेही बोलता बोलता बाहेर येईल.