उन्हाळा, ससा आणि तापमापी



उन्हाळ्यात रानातल्या सशाचे मांस खावे की खाऊ नये, हा प्रश्न भौतिकीच्या शिक्षकाला विचारण्यासारखा वाटत नाही. पण त्याचे अर्धे उत्तर जीवशास्त्रात असले, तरी उरलेले अर्धे तापमापीत आहे. ते कसे, हे आपण पाहू या.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांसाठी वापरतो. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातील, बिळे करून राहणारा. त्याची पिल्ले जन्मतः आंधळी व केसरहित असतात. आपला रानससा बीळ करीत नाही आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेले आहे. त्याची शिकार करणे किंवा त्याचे मांस बाळगणे हा बाराही महिने गुन्हा आहे. म्हणजे ‘खावे का?’ याचे उत्तर कायद्याने दिलेच आहे. परंतु ‘उन्हाळ्यात नको’ या नियमामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. कारण तेच कारण बाजारातून आणलेल्या मटणाला आणि कोंबडीलाही लागू पडते.

नियम आला कोठून?

अमेरिकेच्या खेड्यांतील जुने शिकारी सांगत, की ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावात ‘आर’ हे अक्षर नाही, त्या महिन्यांत ससा खाऊ नये. असे महिने चार : मे, जून, जुलै आणि ऑगस्ट. काही जण म्हणत, पहिले कडक हिव पडेपर्यंत थांबावे.

यामागे टुलारेमिया नावाचा रोग आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातील तुलारे परगण्यात जमिनीवर राहणाऱ्या खारींमध्ये तो प्रथम आढळला आणि त्या परगण्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. सशांना तो सहज होतो. गोचिडी व चावऱ्या माश्या त्याचे जंतू एका प्राण्यातून दुसऱ्यात नेतात. शिकारी ससा सोलत असताना हातावरच्या बारीकशा चिरेतूनही ते त्याच्या शरीरात शिरतात. दहा ते पन्नास जंतू एवढेच रोग होण्यास पुरतात. थंडीत गोचिडी निष्क्रिय होतात, म्हणून हिवाची वाट पाहण्याचा सल्ला दिला जाई.

पण हा नियम अर्धाच खरा आहे. हिवाने गोचीड सुस्त होते, जंतू मरत नाहीत. गोठवलेल्या मांसातही ते दीर्घकाळ जिवंत राहतात. अमेरिकेत या रोगाचे रुग्ण एकेकाळी वर्षातून दोनदा वाढत : उन्हाळ्यात गोचिडींमुळे आणि हिवाळ्यात सशांच्या शिकारीमुळे!

आता हा नियम आपल्या कामठीला लावून पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तरीही तो गोठणबिंदूच्या वरच राहिला. अमेरिकेतल्यासारख्या कडक हिवाची वाट पाहणारा इथे वाटच पाहत बसेल. आणि ‘आर’चा नियम मानला, तर मार्च व एप्रिल सुरक्षित ठरतात! एप्रिलमध्ये कन्हानच्या वाळूत अनवाणी चालून पाहिलेल्या कोणालाही यातील विसंगती सांगावी लागणार नाही. नियम एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात सहज जातो, पण त्याचे कारण बरोबर जातेच असे नाही.

मांस थंड का होत नाही?

मग आपल्या उन्हाळ्याचा खरा धोका कोणता? उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे तुम्ही शिकला आहात. सशाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश असते. हिवाळ्यातील पहाटे हवा १२ अंशांवर असेल, तर दोहोंतील फरक २७ अंशांचा आहे. न्यूटनच्या नियमानुसार थंड होण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो. तेव्हा मांस लवकर निवते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४३ अंशांवर असते. आता फरक उलट दिशेचा झाला. मांस निवण्याऐवजी तापू लागेल! नागपूरला २३ मे २०१३ रोजी तर पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

५ ते ६० अंश हा अन्नातील जंतूंच्या वाढीचा पट्टा मानतात, आणि ३७ अंशांच्या आसपास त्यांपैकी अनेकांची वाढ सर्वांत झपाट्याने होते. समजा, अनुकूल स्थितीत एका जंतूचे २० मिनिटांत दोन होतात. तर एका तासात ८, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४ होतील. म्हणूनच कच्चे मांस किंवा शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक नको, असे सांगतात. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दिवसा हा एका तासाचाच नियम पाळावा.

शिजवले की झाले ना?

पुष्कळसे झाले, पण सर्व नाही. सशाचे मांस सर्वांत जाड भागाच्या आतपर्यंत ७१ अंशांवर पोचले, तर टुलारेमियाचे जंतू मरतात. मात्र रस्सा उकळत आहे याचा अर्थ हाडाजवळचे मांसही तेवढे तापले, असा नाही. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुकडा दुप्पट जाड असेल, तर वेळ साधारण चौपट लागेल.

दुसरे असे, की काही जंतू अन्नात विष सोडतात. स्टॅफिलोकॉकस या जंतूचे विष उकळूनही नष्ट होत नाही. जंतू मेले तरी विष राहते. दुपारभर उघड्यावर राहिलेले मांस नंतर कितीही उकळले, तरी ते निर्धोक होईलच असे नाही.

तिसरे, सोलणाऱ्याला होणारा संसर्ग चुलीच्या आधीच होऊन गेलेला असतो. १९४४ साली, युद्धकाळात, क्रिमियात शिकार थांबली, ससे वाढले आणि त्यांच्याबरोबर गोचिडीही वाढल्या. त्यांच्यामार्फत शेतांवर काम करणाऱ्या सैनिकांत एक घातक रक्तस्रावी ताप पसरला. भारतात हा ताप प्रथम २०११ साली गुजरातेत निश्चित झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. तेव्हा शेतात मेलेला किंवा सुस्त पडलेला ससा दिसला, तर त्याला हात लावू नका, वनखात्याला कळवा. कुत्र्याने तो तोंडात धरून आणला असेल, तर कुत्र्याच्या अंगावर गोचिडी आहेत का, हे घरच्या मोठ्यांना पाहायला सांगा.

करून पाहा

मांस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले तर टिकेल का? उत्तर स्वतः शोधा. सारख्या दोन बाटल्यांत सारखेच पाणी भरा. एकीला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही दुपारी सावलीत, वाऱ्यावर ठेवा. फडके वाळू देऊ नका. दर दहा मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवून आलेख काढा. ओल्या फडक्याची बाटली बरीच थंड होईल. कोरड्या हवेत २५ अंशांच्याही आसपास येईल. पिण्याच्या पाण्याला हा गारवा पुरेसा आहे. मांसाला तो पुरेल का, हे तुमच्या आलेखावर ५ अंशांपाशी एक आडवी रेषा काढून ठरवा.