खोगीर

मनुष्याने ज्या पशूंना माणसाळविले, त्यांत घोड्याचे स्थान निराळे आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो; परंतु मनुष्याला आपल्या पाठीवर घेऊन वाऱ्याच्या वेगाने दूरदेशी नेण्याचे काम घोड्याने केले. आजचा पाळीव घोडा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी कास्पियन व काळ्या समुद्रांच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांत माणसाळला, असे संशोधकांचे मत आहे. मात्र घोडा माणसाळला त्याच दिवशी खोगीर जन्मास आले नाही. कितीतरी शतके मनुष्य घोड्याच्या उघड्या पाठीवर किंवा फार तर एखादे कांबळे टाकून बसत असे. घोड्यावर ताबा मिळविणे मनुष्यास लवकर साधले. त्याच्या पाठीचा विचार करावयास त्याला बराच काळ लागला.

हा विचार का करावा लागला, हे नीट समजून घेतले पाहिजे. घोड्याच्या पाठीच्या मध्यभागातून कण्याची रांग जाते. तिच्या वरच्या टोकांवर मांस थोडे असते. दोन्ही अंगांस मात्र जाड स्नायू असतात. स्वार उघड्या पाठीवर बसला, म्हणजे त्याचे बहुतेक ओझे बैठकीच्या दोन हाडांखाली, अगदी थोड्या जागेवर पडते. जागा थोडी, तेथे दाब अधिक. तेच ओझे चौपट जागेवर पसरले, तर प्रत्येक ठिकाणचा दाब चौथाईवर येतो. म्हणून चांगल्या खोगिराची कामे तीन: ओझे पसरविणे, ते कण्यावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर ठेवणे, आणि स्वाराला स्थिर बैठक देणे. यांतील पहिली दोन कामे घोड्यासाठी आहेत व तिसरे स्वारासाठी आहे. तिसऱ्याच्या मोहाने पहिल्या दोहोंचा विसर पडला, तर घोड्याची पाठ सोलते, जखमा चिघळतात, आणि मग उत्तमातला उत्तम घोडाही निरुपयोगी होतो.

अतिप्राचीन खोगिरांचे काही नमुने सुदैवाने आजपर्यंत टिकले आहेत. चीनच्या पश्चिमेकडील तुर्फान खोऱ्यातील एका थडग्यात कातड्याचे एक मऊ खोगीर सापडले. ते इ. स. पूर्वी सुमारे ७२७ ते ३९६ या काळातील असावे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. आत पेंढा आणि हरणाचे व उंटाचे केस भरून त्याच्या दोन उशा केलेल्या आहेत. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे बर्फाने गोठलेल्या थडग्यांतही इ. स. पूर्वी पाचव्या शतकाच्या सुमाराची खोगिरे मिळाली. तीही दोन उशांचीच आहेत. दोन उशा दोन अंगांस आणि मध्ये कण्यासाठी मोकळी वाट, ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना ठाऊक होती. आजचे उत्तमोत्तम खोगीर याच युक्तीवर उभे आहे.

पुढे उशांच्या आत लाकडी सांगाडा आला. या सांगाड्याच्या दोन फळ्या घोड्याच्या दोन्ही अंगांस टेकतात, आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या व मागच्या कमानी कण्यावरून अधांतरी जातात. त्यामुळे ओझे अधिक लांबवर पसरले आणि बैठकही भक्कम झाली. रोमन स्वारांच्या खोगिराला चार कोपऱ्यांवर चार शिंगे असत. त्यांच्या आधाराने स्वार स्वतःस सावरून धरी. कारण त्याच्या पायांना आधार देणारी रिकीब त्या काळी रोमन लोकांना ठाऊक नव्हती.

रिकिबीच्या इतिहासात भारताचा उल्लेख आवर्जून होतो. सांची येथील स्तूपाच्या शिल्पांत घोडेस्वाराच्या पायाभोवती वळ्यासारखा आधार दिसतो. ही शिल्पे इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची आहेत. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील प्राचीन लेण्यात घोड्यावर बसलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. त्यांच्या पायांशी असाच आधार दिसतो, असे कित्येक अभ्यासक म्हणतात. पुढे चीनमध्ये इ. स. च्या चौथ्या शतकात दोन्ही पायांसाठी ताठ रिकिबी वापरात आल्या. तेथून मध्य आशियातील भटक्या टोळ्यांबरोबर त्या सहाव्या-सातव्या शतकांत युरोपात पोहोचल्या. रिकीब म्हणजे वरवर पाहता पाय ठेवण्याची एक कडी. परंतु तिच्या आधाराने स्वाराला उभे राहता येऊ लागले, भाला नेटाने मारता येऊ लागला, आणि दूरच्या दौडीत त्याचे पाय लोंबकळून जड होईनासे झाले.

खोगिराचा हा प्रवास मराठी भाषेतही उमटला आहे. संस्कृतातील ‘पर्याण’ या शब्दापासून ‘पलाण’ हा शब्द आला. ‘जीन’, ‘लगाम’, ‘तंग’ हे शब्द फारसीतून आले, तर ‘रिकीब’ मूळची अरबी. ‘खोगीर’ हाही फारसीच. त्याचा मूळ अर्थ ‘घाम शोषून घेणारे’ असा आहे. म्हणजे घोड्याच्या अंगाला लागून राहणारी नमद्याची गादी. घोड्याचे डोके खाली राखण्यासाठी त्याच्या छातीखालून घेतलेल्या पट्ट्यास ‘जेरबंद’ म्हणत. आज घोडा दृष्टीआड झाला, तरी बिबट्या पिंजऱ्यात सापडला की वर्तमानपत्रे ‘बिबट्या जेरबंद’ असेच लिहितात. खोगिराच्या पोटात कापूस, पेंढा, चिंध्या असा हाती येईल तो ऐवज कोंबीत. त्यावरून निरुपयोगी माणसांच्या किंवा वस्तूंच्या भरण्याला ‘खोगीरभरती’ हे नाव पडले.

महाराष्ट्राच्या इतिहासात खोगिराला मोठे महत्त्व आले, ते मराठ्यांच्या घोडदळामुळे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई, तो शिलेदार. सभासदाच्या बखरीवरून असे दिसते, की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमलेला असे, आणि तेवढ्याच तुकडीस एक पखालजी व एक नालबंद दिलेला असे. एकाने घोड्यांना पाणी द्यावयाचे व दुसऱ्याने त्यांच्या पायांची निगा राखावयाची. ज्या सैन्याची सारी मदार घोड्यावर, त्याने घोड्याच्या सेवेसाठी वेगळी माणसे नेमावी, हे योग्यच होते.

या स्वारांचा घोडा धिप्पाड नसे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीचे तट्टू बांध्याने लहान. परंतु काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारे आणि डोंगरवाटांना सरावलेले होते. अशा घोड्यावर जड सांगाडा लादणे म्हणजे त्याचा गुणच हिरावून घेणे. जाड कापडाच्या पदरांत भरण घालून शिवलेली हलकी गादी, पोटाखालून आवळलेला तंग, रिकिबी आणि दाण्याचा तोबरा, एवढा सरंजाम अशा तट्टास पुरे होता. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या धावत्या लढाया किंवा १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांनी केलेल्या हालचाली, या सर्वांचे मर्म वेगात होते. आणि अनावश्यक ओझे टाकून दिल्यावाचून वेग येत नाही.

घोड्याविषयीची ही काळजी राज्यकर्त्याच्या मनात किती खोल होती, याचा पुरावा एका प्रसिद्ध पत्रात मिळतो. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्करास महाराजांनी ताकीद दिली होती. पावसाळ्याची दाणावैरण आताच उधळून टाकाल, तर पुढे घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा तिचा आशय आहे. घोडा मुका आहे. त्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही. म्हणून त्याचा जाब त्याच्यावर बसणाऱ्याने दिला पाहिजे, हा न्याय त्या पत्रात स्पष्ट दिसतो.

जसे काम, तसे खोगीर, असा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेतील गुराख्याच्या खोगिराला पुढे एक भक्कम मूठ असते. फास टाकून धरलेल्या जनावराचा दोर तो त्या मुठीला गुंडाळतो. हे खोगीर मेक्सिकोतील स्पॅनिश गुराख्यांकडून त्याच्याकडे आले. इंग्लंडमध्ये शिकारीच्या वेळी कुंपणे ओलांडावी लागत. म्हणून तेथील खोगीर सपाट व बिनमुठीचे झाले. १९०० च्या सुमारास फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन लष्करी अधिकाऱ्याने उडी मारताना स्वाराने मागे न रेलता पुढे झुकावे, असे शिकविले. त्यामुळे घोड्याची पाठ मोकळी राहू लागली, आणि उडीच्या खोगिराचा आकारही त्यानुसार बदलला. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर शर्यतीत धावणाऱ्या घोड्याचे खोगीर तर कित्येकदा एक किलोपेक्षाही हलके असते. तेथे स्वार खोगिरावर बसत नाही. तो रिकिबीवर तोल सांभाळून राहतो.

कित्येकदा खोगिराचा आकार घोड्याच्या सोयीने न ठरता समाजाच्या रूढीने ठरतो. युरोपात कुलीन स्त्रियांनी दोन्ही पाय एकाच बाजूस घेऊन बसावे, असा संकेत होता. त्यासाठी एका अंगास शिंगे असलेले खास खोगीर बनविले जाई. मराठा स्त्रिया मात्र पुरुषांप्रमाणेच घोड्यावर मांड टाकीत. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासिनी फतेहगड येथे बायजाबाई शिंदे यांच्या छावणीत गेली होती. बायजाबाई स्वतः निष्णात घोडेस्वार होत्या. इंग्रज स्त्रियांची एका बाजूस बसण्याची तऱ्हा तेथील स्त्रियांना फार चमत्कारिक वाटली. मग त्या पाहुणीने मराठमोळा वेष केला आणि मराठी पद्धतीने घोड्यावर बसून पाहिले. तेव्हा हीच पद्धत अधिक सोयीची आहे, हे तिला पटले, आणि १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिने ते मोकळेपणाने नमूद केले.

खोगिरे बनविणाऱ्या कारागिरास मराठीत जिनगर म्हणतात. फौजा गेल्या, तसे जिनगरांचे मूळचे काम सरले आणि त्यांपैकी अनेकांना दुसऱ्या कलांकडे वळावे लागले. उत्तरेत कानपूर येथे १८६० च्या दशकात लष्करासाठी खोगिरांचा कारखाना निघाला. त्या शहराची खोगिरे आज परदेशीही जातात, आणि त्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. महाराष्ट्रात भीमथडी घोडा अजूनही भटक्या धनगरांच्या सोबत चालताना दिसतो. बिऱ्हाडाचे सामान, भांडी, लहान कोकरे, कोंबड्या असा सारा संसार त्याच्या पाठीवर असतो. तेथे कुशलतेची कसोटी वेगळी असते: दोन्ही बाजूंचा भार समतोल पाहिजे. एक बाजू जड झाली, की खोगीर सरकते व पाठ घासते. मुक्या जनावरांच्या पाठीचा विचार पुढे कायद्यानेही केला. १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलो आणि गाढवाच्या पाठीवर ५० किलो, अशी ओझ्याची कमाल मर्यादा ठरविण्यात आली.

महाराष्ट्राचा सारा प्रदेश मात्र घोड्याचा नाही. गडचिरोली जिल्ह्यात इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ हेमलकसा हे गाव आहे. दाट अरण्य, ओढेनाले आणि मुसळधार पाऊस यांमुळे तेथे घोडदौडीस वाव नाही. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा धड रस्ते व पूलही नव्हते. आजारी माणसास खाटेवर निजवून, ती खाट खांद्यांवर घेऊन लोक दूरदूरच्या पाड्यांतून दवाखान्यात येत. ओझे वाहावयास तेथे कावड असे. चिरलेल्या बांबूची लवचिक दांडी, तिच्या दोन टोकांना दोन शिंकी, आणि मध्ये माणसाचा खांदा. दोन्हीकडे सारखा भार असतो, म्हणून तोल राहतो; बांबू पावलागणिक लवतो, म्हणून खांद्यास हिसका बसत नाही. घोडा नसलेल्या त्या अरण्यातही खोगिराचेच तत्त्व नांदत आले आहे. भेद इतकाच, की तेथे वाहणारा आणि ओझे बांधणारा एकच असल्यामुळे चूक झाली तर ती लगेच स्वतःच्या खांद्याला कळते.

घोड्याच्या बाबतीत तसे होत नाही. खोगीर शिवणारा वेगळा, त्यावर बसणारा वेगळा, आणि ते सोसणारा वेगळा. स्वाराला मऊ लागणारी गादी घोड्याला टोचत असेल, तरी तो बोलून दाखवीत नाही. म्हणूनच जुने जाणते स्वार मुक्कामाला पोहोचले, की स्वतः पाणी पिण्यापूर्वी तंग सैल करीत, खोगीर उतरवीत आणि घोड्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहत. कोठे ऊन लागते आहे, कोठे सूज आहे, हे तो हात सांगत असे. खोगिराची परीक्षा वरच्या वेलबुट्टीने होत नाही. ती दिवसभराच्या दौडीनंतर खोगीर उतरविल्यावर, त्याच्या खालच्या पाठीकडे पाहून होते.

स्वाध्याय

१. चांगल्या खोगिराची तीन कामे कोणती? त्यांपैकी घोड्याच्या हिताची कोणती?
२. रिकिबीमुळे स्वाराला कोणकोणते लाभ झाले?
३. मराठा स्वारांना हलके खोगीर सोयीचे का होते?
४. कावड व खोगीर यांतील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
५. ‘खोगीरभरती’ व ‘जेरबंद करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.