न फुटलेली अंडी : दोष ओळखण्याचे साधन

घरगुती उबवणी यंत्रातून अपेक्षेपेक्षा कमी पिले निघाली म्हणजे दोष कोंबड्यास दिला जातो व उरलेली अंडी उकिरड्यावर टाकली जातात. वस्तुतः चूक कोठे झाली हे त्या अंड्यांतच लिहिलेले असते. यास्तव २२ वा दिवस संपल्यावर न फुटलेले प्रत्येक अंडे फोडून पाहावे आणि गर्भ कोणत्या अवस्थेत मेला याची नोंद ठेवावी.

१. गर्भाची खूण नसणे : सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकास बॅटरीचा प्रकाश लावून पाहावे. फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. पुष्कळ अंडी स्वच्छ दिसल्यास कोंबड्यांच्या मानाने नर अपुरे असावेत, किंवा अंडी शिळी असावीत. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो बसवू नयेत.

२. रक्ताचे कडे दिसणे : गर्भ पहिल्या आठवड्यातच मेल्याचे हे लक्षण होय. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत साठविलेल्या अंड्यांत गर्भाची वाढ अवेळी सुरू होऊन तो दगावतो. म्हणून अंडी थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. यंत्रातील उष्णताही तपासावी. पंखा असलेल्या यंत्रात ती ३७.५ अंश सेल्सिअस असावी. पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश असावी. अल्पकाळच्या थंडीपेक्षा अतिउष्णता अधिक घातक असते.

सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. यंत्र ऊब देऊ शकते. परंतु खोलीच तापली तर ते गारवा देऊ शकत नाही. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या दत्तयात्रेच्या सुमारास अंडी बसविल्यास हा धोका टळतो.

३. पूर्ण वाढलेले पिलू कवचात मरणे : पिलू कोरडे व पापुद्र्यास चिकटलेले असेल, तर शेवटच्या दिवसांत ओलावा कमी पडला असे समजावे. ते ओले व सुजल्यासारखे असेल, तर आधीच्या दिवसांत ओलावा जास्त झाला. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के व नंतर ६५ ते ७० टक्के ठेवावी. त्यासाठी खोल भांड्याऐवजी पसरट भांडे वापरावे. चोच निमुळत्या टोकाकडे आढळल्यास अंडी उलटी ठेवली गेली, किंवा ती नीट फिरविली गेली नाहीत. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत व १८ व्या दिवसानंतर हलवू नयेत.

कवचास भोक पडल्यापासून पिलू बाहेर येण्यास १२ ते २४ तास लागू शकतात. घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होतो. झाकणही वारंवार उघडू नये. पोटातील बलकावर नवजात पिलू ४८ तास तग धरते.

नवापूर येथे २००६ व २०२१ साली कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. म्हणून अंडी निरोगी कळपातूनच घ्यावीत, फोडलेली अंडी चुना टाकून पुरावीत व हात साबणाने धुवावेत.

नोंदीवरून जो दोष प्रमुख ठरेल, तोच पुढील खेपेस प्रथम दूर करावा. सर्व गोष्टी एकदम बदलल्यास खरे कारण हाती लागत नाही.