मुळांची नत्रनिवड आणि खताचे अर्थकारण

भिलाईतील वैशाली नगर ही वसाहत पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढली. शहराबाहेर मात्र दुर्ग जिल्ह्याची धानशेती पसरलेली आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे नत्र. कोक भट्ट्यांच्या वायूतील अमोनिया गंधकाम्लात शोषला असता अमोनियम सल्फेट हे खत मिळते. त्यात नत्र सुमारे २०.५ टक्के, तर युरियात ४६ टक्के असते.

हवेत ७८ टक्के नत्र असूनही पिकांची मुळे ते थेट घेऊ शकत नाहीत. ती प्रामुख्याने नायट्रेट व अमोनियम या रूपांत नत्र शोषतात. पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायूअभावी नायट्रीकरण मंदावते व अमोनियम टिकून राहते. म्हणून धानाची भिस्त मुख्यतः त्यावर असते. तथापि धानाची मुळे स्वतःभोवती थोडा प्राणवायू सोडतात. तेथे तयार होणारे नायट्रेटही ती घेतात, ही बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा निसटते.

शोषणाचे कार्य पेशीपटलावरील वाहक प्रथिने करतात व त्यासाठी वनस्पतीला ऊर्जा खर्चावी लागते. यांपैकी ‘एनआरटी १.१’ हे प्रथिन नायट्रेटचे वहन तर करतेच, शिवाय त्याच्या प्रमाणाची जाणीवही पेशीला देते, असे २००९ मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील संशोधनातून दिसून आले. २०१४ मध्ये आणखी एक यंत्रणा उलगडली. मुळांच्या एका भागाला नत्र कमी पडले की तेथून लघुप्रथिनांचा संदेश खोडाकडे जातो आणि नत्र उपलब्ध असलेल्या दुसऱ्या भागाचे शोषण वाढते. उलटपक्षी, पिकाची गरज भागली की शोषण आवरते घेतले जाते.

येथेच धोरणाचा प्रश्न उद्भवतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पोषकद्रव्याधारित अनुदानातून युरिया वगळण्यात आला. ४५ किलोच्या गोणीची किंमत कर व नीमलेपनाचा खर्च वगळता २४२ रुपये ठेवली गेली. स्वस्त युरिया एकाच वेळी भरपूर टाकण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. त्याचा दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. धानात दिलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाला मिळते. उर्वरितापैकी बराच भाग वायुरूपाने उडतो वा पाण्याबरोबर जातो. विभागून मात्रा देण्यामागील शास्त्र हेच. २०१५ मध्ये देशी युरियाला सक्तीचे झालेले नीमलेपन मुळांवर नव्हे, तर नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंवर परिणाम करते.

अमोनियम सल्फेटमधून गंधकही मिळते. परंतु ते जमिनीची आम्लता वाढवते, म्हणून छत्तीसगडच्या तांबड्या, आम्लधर्मी भाटा जमिनीत त्याचा वापर माती परीक्षणानंतरच करावा लागतो.