शनिवार तेल्यांचा इतिहासकार

अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. फार प्राचीन काळी तेथे एक गलबत फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. हे लोक ज्यू धर्माचे. त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले. पुढे त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले, मराठी आपली मानली आणि गावांवरून केहीमकर, पेणकर अशी आडनावे घेतली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत.

ग्रंथ गेले, तरी आचार राहिले. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. हे लोक खरोखर आपल्या धर्माचे काय, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेविले व रांधावयास सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेचून घेतले व बाकीचे दूर सारले. ज्यू धर्मशास्त्राची आज्ञा नेमकी हीच आहे! रहाबीची खात्री पटली.

अशा कथा वृद्धांच्या मुखी होत्या. वृद्धांबरोबर त्याही गेल्या असत्या. त्या कागदावर उतरविल्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी. त्यांचा जन्म १८३० सालचा. १८७५ साली बंधूंच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.

१८९७ साली केहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. त्यात सण आहेत, लग्नविधी आहेत आणि तर्कही आहेत. ज्यूंचा हनुका हा सण आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता. तेव्हा तो सुरू होण्यापूर्वीच, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, ते मायदेशातून निघाले असावेत, असे त्यांनी मांडले. हा काळ सर्व विद्वानांस मान्य नाही. पण साध्या सणावरून काळ शोधण्याची ही रीत मोठी चतुर आहे.

आणि एवढा ग्रंथ तसाच पडून राहिला! यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनी जुन्या पोथ्या जपल्या, म्हणून त्या आज वाचता येतात. केहीमकरांच्या हस्तलिखितालाही असाच जपणारा हवा होता. तब्बल चाळीस वर्षांनी तो भेटला. डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर हे ज्यू पंडित १९३६ साली हिंदुस्थानात आले होते. ते संस्कृतज्ञ होते. भगवद्गीतेचे हिब्रू भाषांतर त्यांचेच. त्यांच्या खटपटीने १९३७ साली हा ग्रंथ तेल अवीव येथे छापून निघाला.

तेव्हा केहीमकर हयात नव्हते. पुढे १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि कोकणातील बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. घाणे थांबले, गावे सुटली. त्या गावांतील त्यांचे जुने जीवन जाणू पाहणारा अभ्यासक आजही प्रथम केहीमकरांचाच ग्रंथ उघडतो.