एलीयाचा एकांत
(पाठ : १ राजे, अध्याय १९. वाचकांनीं अध्याय आधीं वाचून घ्यावा.)

थकलेल्या मनास रान बरें करितें, हा समज जुना आहे. सन १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम ह्यांनीं आजाऱ्यांच्या विसांव्यासाठीं महाबळेश्वर वसविलें, तें तेथील सदाहरित रान व थंड हवा पाहूनच. इगतपुरीस सह्याद्रींत १९७६ पासून विपश्यनेचीं शिबिरें चालतात. शिबिर दहा दिवसांचें असतें, त्यांत मौन पाळावें लागतें व फी घेत नाहींत. आमच्या नांदेडकरांस इतकें लांब जाणें नको. किनवट-माहुराकडे सागाचें रान अजून आहे, पैनगंगा आहे, इस्लापुराजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे. माहूरच्या डोंगरांत एकांतासाठीं लोक शतकानुशतकें जात आले आहेत. मात्र साग उन्हाळ्यांत उघडा पडतो, हें जाणाऱ्यानें लक्षांत ठेवावें! लातूरकरांनीं काय करावें? जेथें २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें रान कोठून आणावें?

एलीयालाही रान मिळालें नाहीं. एक रतामाचें झुडूप मिळालें. कर्मेलावर मोठें काम करून तो ईजबेलीच्या धाकानें पळाला, बैरशेबास आपल्या चाकरास सोडलें, व एकटाच एक दिवसाची वाट चालून मरण मागूं लागला. येथें वाचकांनीं थांबावें. देवदूतानें त्यास बोल लाविला नाहीं, उपदेशही केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, व पुन्हा उठवून पुन्हा जेवूं घातलें. होरेबाची गोष्ट त्यानंतरची.

हा क्रम आपल्या मंडळ्यांत बहुधा उलटा होतो. कर्जानें व नापिकीनें गांजलेला कोणी गप्प बसूं लागला, तर आपण त्यास प्रथम वचनें ऐकवितों. आमच्या मतें ही चूक आहे, व ती आम्हींही केली आहे. ज्याच्या तोंडून मरणाची भाषा निघते त्यास एकांतांत पाठवूं नये. त्याच्यापाशीं बसावें, तो जेवला कीं नाहीं, निजला कीं नाहीं हें पाहावें, आणि त्यास जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत मनाच्या वैद्याकडे न्यावें. त्यांत विश्वासाला कमीपणा नाहीं. एकांत हा चालतांबोलतां असून थकलेल्याचा विसांवा आहे. त्याला बांधावरचा लिंबही पुरतो; मात्र कोठें जातों व केव्हां परत येतों हें घरीं सांगून जावें.

होरेबावर वारा, भूकंप व अग्नि हीं झालीं, पण परमेश्वर त्यांत नव्हता. मग मंद वाणी आली. किल्लारीकडील वाचकांस हा भाग इतरांहून निराळा ऐकूं येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे धोंड्यामातीच्या भिंती कोसळल्या व दहा हजारांच्या जवळपास माणसें गेलीं. त्या भूकंपांत देवानें कोणास शिक्षा केली असें म्हणणाऱ्यांनीं हें ११ वें वचन पुन्हा वाचावें.

वाणीनें एलीयाला तेथें ठेवून घेतलें नाहीं. येथें काय करितोस, असें विचारून तीन कामें देऊन परत पाठविलें. त्यांतील एक अलीशाविषयीं होतें. एलीयाला तो बारा जोड्या बैलांनीं नांगरट चालली असतां शेतांत भेटला, व त्याच्यामागें जाऊन त्याची सेवा करूं लागला. बैरशेबास सोडलेल्या चाकराचें पुढें काय झालें, तें शास्त्र सांगत नाहीं.